स्ट्रॉमनेसला थांबावं, की बोटीतून उतरून सरळ पुढे निघावं?

थांबा. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्क्रॅब्स्टरहून फेरीबोटीने इथे, ऑर्कनी बेटांवर, आलेली बहुतेक मंडळी लगेच बस पकडून इथली प्राचीन दगडी वर्तुळं बघायला पळतात. तुमचाही तोच बेत दिसतोय, आणि ‘एवढ्याशा बंदरात सागरी वारसा तो कसला?’ असं तुम्ही विचारलंय. किल्लाबिल्ला शोधाल तर तासाभरात कंटाळाल. मी थांबलो ते एका विहिरीसाठी.

लॉगिन्स वेल. गावाच्या दक्षिण टोकाला, रस्त्यालगत. 1931 मध्ये ती कायमची बंद केली, पण इथे कोणी कोणी पाणी भरलं ते कोरून ठेवलंय: कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीची जहाजं, 1670 ते 1891. कॅप्टन कुकची ‘रेझोल्यूशन’ आणि ‘डिस्कव्हरी’, 1780. आर्क्टिकच्या मोहिमेवर निघालेल्या फ्रँकलिनची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’, 1845. कुक तेव्हा जहाजावर नव्हता. आदल्या वर्षीच हवाईत मारला गेला होता. फ्रँकलिनसह आर्क्टिकमध्ये शिरलेल्या 129 जणांपैकी एकही परतला नाही. हे दोन्ही तिथे लिहिलेलं नाही. माहीत असेल तर मात्र त्या चार ओळींसमोरून पाय निघत नाही.

इथेच का? फ्रान्सशी लढाई जुंपली की इंग्लिश खाडी धोक्याची व्हायची, मग जहाजं स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालायची. पुढे नुसता अटलांटिक. म्हणून पिंपं इथे भरायची, आणि माणसंही. थंडीला आणि होडीला सरावलेली, वर कमी पगारात येणारी पोरं कंपनीला हवीच होती. 1799 मध्ये कंपनीच्या कॅनडातल्या 530 नोकरांपैकी 416 ऑर्कनीचे होते!

त्याच कंपनीचा एक डॉक्टर म्हणजे जॉन रे. हाही ऑर्कनीचाच. फ्रँकलिनच्या माणसांचं काय झालं ते 1854 मध्ये त्याने आर्क्टिकमधल्या स्थानिक इनुइट लोकांकडून ऐकून कळवलं. उपासमारीत त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, हेही कळवलं, आणि लंडन त्याच्यावरच उलटलं. धक्क्यावर त्याचा पुतळा आहे, पण माझं ऐकाल तर संग्रहालयात त्याची होडी बघा. रबर लावलेल्या कापडाची, हवा भरून फुगवायची. असल्या होडीत बसून आर्क्टिकमध्ये जायला काय काळीज लागत असेल!

मुख्य रस्ता अरुंद आणि फरसबंदीचा आहे, चाकांची बॅग त्यावर भयंकर खडखडते. सॅकच न्या. आणि संग्रहालयाच्या वेळा आधी बघून घ्या.