नाशिकहून आठ जणांनी खाडीत शिंगाळा धरायला जायचं, तर गाइडला आधी काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की आठही जण नाशिकचे, धरणांवर गळ टाकायची सवय आहे, आता गाइड घेऊन वैतरणेच्या खाडीत शिंगाळ्यासाठी, म्हणजे त्या मिशाळ माशासाठी, जायचंय. रविवार ठरलाय, गाइड ठरायचाय. माझं ऐकाल तर आधी तो रविवार सोडा. गाइडला पैसे विचारायच्या आधी भरतीची वेळ विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा शोधा.

आपल्याला भरती-ओहोटीची सवयच नाही. धरणाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. गोदावरीला भरती बघायची तर पार आंध्रात जावं लागेल. पण त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा उलट्या दिशेला, कोकणात उतरते आणि दातिवरे-अर्नाळ्याच्या मध्ये समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात ही नदी दिवसातून दोनदा चक्क मागे वाहते. तिथले मासे घड्याळ बघून खात नाहीत, पाणी बघून खातात.

हे मी ठेच लागून शिकलोय. तीनेक वर्षांपूर्वी कंपनीतल्या सात जणांबरोबर अशाच एका ग्रुप ट्रिपला गेलो होतो. 'सकाळी सात ते दोन, हमखास मासे, नाश्ता-जेवणासहित.' रात्री दोनला नाशिक सोडलं, जव्हारमार्गे पोचलो, सातला होडीत बसलो. साडेनऊला होडी गाळात टेकली. आधी वाटलं, इंजिन बिघडलं. मग पाहिलं तर दोन्ही काठ वर वर चाललेले, तिवरांची मुळं उघडी पडलेली आणि चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतायत. उतरून ढकलायला गेलेला आमचा मित्र मांडीपर्यंत रुतला, त्याची एक चप्पल अजून तिथेच आहे. साडेबारापर्यंत उन्हात बसून आम्ही सगळा चिवडा संपवला. कमाई काय, तर वीतभर दोन शेंगटी मासे आणि एक चिंबोरी.

नंतर तिथल्याच एका नाखवांनी, म्हणजे होडीवाल्या कोळ्यांनी, हिशोब समजावला. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची साधारण वेळ आली. आमची ट्रिप होती वद्य पंचमीला. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती होऊन गेलेली, दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. आम्ही ऐन जोरात पाणी उतरत असताना होडीत बसलो होतो! सहा तासांच्या ओहोटीत मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी निघून जातं. हे सगळं घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसत होतं आणि आम्ही रविवारचा लाल रंग बघून तारीख ठरवली होती. हिशोब किनाऱ्याचा आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, ते नाखवाच सांगेल.

आता तिथी कोणती? अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, ओढ इतकी की गळाला बांधलेलं शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीला, उलट, पाणी सुस्त आणि मासाही सुस्त. मला दशमी ते द्वादशी बरी वाटते. एकादशीला हिशोबाने सव्वाआठची भरती येते. सहाला होडीत बसलात तर चढतं पाणी मिळतं आणि भरतीनंतरचे पहिले दोन तासही. वर ओहोटी पुरती लागायच्या आत परत येता येतं. त्यासाठी आदल्या रात्री केळवे-सफाळ्याकडे मुक्काम करा. रात्रभर गाडी चालवून होडीत डुलक्या काढण्यात अर्थ नाही.

दुसरं विचारायचं ते होड्यांचं. आठ जण एका होडीत नको. पाण्याच्या ओढीने सगळ्यांच्या तंगुशी (गळाच्या दोऱ्या) एकाच बाजूला जातात आणि अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. दोन होड्या, चार-चार जण. लाइफ जॅकेट अंगावर हवं, फळीखाली कोंबलेलं नको. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

आमिषाला कोळंबी किंवा तारलीचे तुकडे, थोडे वास मारणारेच बरे. गढूळ पाण्यात शिंगाळा डोळ्यांपेक्षा मिशांनी आणि वासाने शोधतो, त्यामुळे तुमची ती रंगीत प्लास्टिकची मासोळी घरीच ठेवा. गळ तळालगत हवा. आधी टोकाला दोन-तीन बारीक टिचक्या येतात, तेव्हा हिसका द्यायचा नाही. रॉड वाकून खाली जायला लागला की मग.

खरी काळजी मासा होडीत आल्यावर. शिंगाळा कुर्र कुर्र आवाज करतो, पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं आणि माणूस कौतुकाने हात लावायला जातो. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. उभे राहिले की अडकून बसतात, दाबून मिटत नाहीत. आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यात गेला, तर धडधाकट माणूस रडकुंडीला आला. नाखवांनी जखम धुऊन अंगठा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावला, तासाभराने कळ उतरली. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघायचं, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत मोडला किंवा सूज चढली तर सरळ डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कसंही घ्याच. गळ काढायचं काम पहिले दोन-तीन मासे तरी नाखवालाच करू द्या. ते ओल्या फडक्याने धरतात आणि पकडीने आधी काटे मोडतात.

त्या नाखवांच्या जाळ्यात एकदा एक नर आला होता, तोंडात गोट्यांएवढी पिवळी अंडी गच्च भरलेली. या जातीत पिल्लं बाहेर पडेपर्यंत बाप अंडी तोंडात सांभाळतो आणि तोवर खात नाही, म्हणून गळाला असा नर सहसा लागत नाही. नाखवांनी एक अक्षर न बोलता त्याला परत सोडला. तुमचा गाइड असा नर टोपलीत टाकणारा निघाला, तर दुसऱ्यांदा मी त्याच्याकडे जाणार नाही.

बर्फाचा डबा मात्र घरूनच न्या. आमची दुसरी फेरी एकादशीची होती. अडीच किलोचा शिंगाळा घेऊन मी घरात शिरलो आणि आईने दारातच कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मासा रात्रभर फ्रीजमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी उपास सोडल्यावर तिनेच मीठ-हळद चोळून त्याचा बुळबुळीतपणा काढला आणि चिंच जरा जास्त घालून कालवण केलं.