सातबाऱ्यावर २०२ आर, खासगी मोजणीत १९८ गुंठे. शेजाऱ्याने बांध कोरून चार गुंठे खाल्ले असं समजून केस करू का?

तुम्ही आरमधून गुंठे वजा केलेत, आधी ते निस्तरू. आर म्हणजे १०० चौरस मीटर, फुटांत १०७६ च्या किंचित वर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तुमच्या २०२ आरचे गुंठे होतात १९९.६६. म्हणजे ‘गेलेल्या’ चारातले सव्वादोनपेक्षा जास्त गुंठे कुठे गेलेच नाहीत. खरी तूट १.६६ गुंठ्यांची. सातबारा आरमध्ये बोलतो आणि आम्हा खासगी मोजणीवाल्यांचा नकाशा गुंठ्यांत, एवढं एक वाक्य फर्मने तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आम्हीही सांगायचो नाही.

केस करू नका. निदान आत्ता तरी नाही. आणि हे एवढ्यावरच थांबलं असतं, पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की फर्मवाल्यांनी तुमच्या रानाचा उपग्रहावरचा फोटो, त्यावर लाल रेघ मारून, ‘प्रोजेक्ट कम्प्लीटेड’ म्हणून स्टेटसला ठेवलाय. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

मी अशाच एका फर्ममध्ये अकरा वर्षं काढली. तालुक्याचं गाव, एसटी स्टँडच्या मागे ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. रस्त्याच्या लेव्हल, पाझर तलावाचं काँटूर, प्लॉटिंगचे लेआउट, पाणीपुरवठ्याची पाइपलाइन, नंतर नंतर सोलरवाल्यांचे माळ. ही सगळी कामं आम्ही चांगली करायचो, त्याबद्दल मला आजही अभिमान आहे. एका गावाच्या पाइपलाइनीसाठी सात किलोमीटर लेव्हल नेली आणि परत आणली, फरक दोन सेंटीमीटरच्या आत आला होता. ते फील्डबुक मी अजून टाकलेलं नाही. पण हे कुणी स्टेटसला ठेवत नाही. स्टेटसला जातो तो रंगीत नकाशा.

आमच्या सरांना त्याचा नाद. काम संपलं की संध्याकाळी फोटो, खाली ओळ: ‘४ एकर, ४० मिनिटे, अचूकता २ सेंमी.’ बातमी दिल्यासारखं. नवं मशीन घेतलं की त्याला हार घातलेला फोटो. गिऱ्हाईक त्यावरून यायचं हे खरंय, नाकारत नाही.

२०१९ चा मे महिना. रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारी काठी, नवाकोरा. निवृत्त मास्तर आले, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांचं चार एकर, उत्तरेला रस्ता, पूर्वेला चुलतभावाचं रान. हा भाऊ म्हणजे आबा, सत्तरी ओलांडलेले. तात्यांचं म्हणणं, आबा दरवर्षी नांगरताना बांध कोरतात. आम्ही बेस, म्हणजे एका जागी ठेवायचं रोव्हरचं जोडीदार मशीन, तिवईवर लावला, मी काठी घेऊन कडेकडेने फिरलो. पूर्वेच्या बांधावर घायपात आणि बाभळी माजलेल्या, म्हणून पॉइंट आतल्या अंगानेच घेतले. आग्नेय कोपऱ्यात घायपाताच्या बुडाशी एक घडीव दगड दिसला, अर्धा मातीत, हद्दीची जुनी खूण असावी असा. मी खरचटून घेऊन त्याचाही पॉइंट घेतला.

ऑफिसात आकडा आला तर पाच गुंठे कमी. मी सरांना दगडाचं सांगितलं. ते म्हणाले, “दगड काय सातबाऱ्यावर आहे का?” आणि त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पूर्वेची रेघ अकरा फूट पलीकडे सरकवली. क्षेत्र जुळलं. सातबाऱ्याशी दशांशापर्यंत जुळलं, म्हणून सर खूशही झाले. ती रेघ आबांच्या विहिरीतून जात होती.

संध्याकाळी स्टेटस. आबांचा नातू आमच्याकडूनच एका प्लॉटचा लेआउट करून गेलेला, त्याच्याकडे सरांचा नंबर होता. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि गावी फोन लावला, “आबा, आपली हीर तात्याच्या रानात गेलीया.”

दुसऱ्या दिवशी तात्या चुन्याची पिशवी आणि आमचा नकाशा घेऊन रानात. पुढचं सांगण्यासारखं नाही. खोऱ्याच्या दांड्याने तात्यांच्या थोरल्याचं मनगट मोडलं, आबा दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर. मलाही बोलावलं. हवालदाराने नकाशा टेबलावर पसरून विचारलं, “ही रेघ कुणी मारली?” मी म्हणालो, मशीनमधून आली.

मशीनमधून ती आली नव्हती. मशीनने मी जिथे काठी टेकवली तिथला आकडा दिला होता, तोही बरोबर.

हद्दकायमची, म्हणजे हद्द ठरवून देणारी, सरकारी मोजणी व्हायला आठ महिने लागले. आलेले भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांच्याकडेही ईटीएस, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं मशीन, होतं, पण ते आधी पेटीतून काढलंच नाही. टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेल्या कागदाची, नक्कल मांडीवर घेतली आणि विचारलं, “दगड कुठायत?” मी त्यांना घायपाताकडे नेलं. त्या दगडावरून आणि ओढ्याच्या बाजूच्या दुसऱ्या एका खुणेवरून त्यांनी मांडणी केली. पूर्वेचा बांध टिपणाशी दीड फुटाच्या फरकाने जुळला. आबांनी काही कोरलं नव्हतं.

मग पाच गुंठे गेले कुठे? ते गृहस्थ उत्तरेला वळले. तिथली बैलगाडीची वाट केव्हातरी रुंद होऊन डांबरी झाली होती. ३६० फूट लांब, पंधरा फूट आत. करा गुणाकार. ५४०० चौरस फूट म्हणजे पाच गुंठ्यांना काही बोटंच कमी. संपादन नाही, मोबदला नाही, क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक झालेलं नाही, म्हणून सातबाऱ्यावरचं क्षेत्र जसंच्या तसं. रोज त्याच रस्त्याने तात्या फटफटीवर शाळेला गेले होते, तीस वर्षं.

दोन्ही घरांत त्यानंतर लग्नं झाली, पत्रिका गेल्या नाहीत.

आता तुमच्या १.६६ गुंठ्यांकडे. फर्मचा पोरगा बांधाच्या कुठल्या अंगाने चालला, ते त्याला विचारा. तुमचं पाच एकर चौकोनी धरलं तर बाजू साधारण ४६६ फुटांची, घेर १८६५ फुटांच्या आसपास. हद्द बांधाच्या मध्यातून जाते. बांध दोन फुटी असेल आणि पोरगा आतल्या कडेने चालला असेल, तर चारी बाजूंनी एकेक फूट सुटला. १८०० चौरस फुटांवर गेलं ते, म्हणजे १.७ गुंठे. तुमची सगळी तूट बांधातच बसते, आणि गावाकडचे बांध दोन फुटांचे क्वचितच असतात.

खाली प्रतिक्रियेत एकाने लिहिलंय की यूटीएममुळे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीमुळे, क्षेत्र कमी येतं. येतं, पण किती? ७५ अंश रेखांशाच्या आसपास, म्हणजे करमाळा, पंढरपूर, जत या पट्ट्यात, ते लांबी किलोमीटरला ४० सेंमी कमी दाखवतं. क्षेत्रात एकराला ३५ चौरस फूट. पाच एकराला गुंठ्याचा सहावा हिस्सा. त्याने कुणाचं रान जात नाही.

मूळ भानगड वेगळी आहे. सर्व्हे नंबर पाडायची आपल्याकडची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून रुळवली, आणि ती सारा ठरवण्यासाठी होती. मोजणारे शंकू, म्हणजे काटकोन काढायचं साधन, आणि साखळी घेऊन फिरायचे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे तुमचा गुंठा. टिपणावरचे आकडे याच साखळी-आण्यांत आहेत. पुढे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, वाटण्या झाल्या. किती ठिकाणी भावाभावांनी तलाठ्याकडे ‘निम्मं-निम्मं’ लिहून दिलं आणि रानात बांध घातला तो बैल वळायला सोपं पडेल तिथे. अशा कागदावरच्या क्षेत्राशी दोन सेंटीमीटरची काठी जुळवायला निघालो की कुणाची तरी विहीर मधे येणारच.

म्हणून माझं स्पष्ट मत, आणि हे सरांना आवडणार नाही: खासगी फर्मने हद्द दाखवूच नये. आज जमिनीवर कोण कुठवर कसतोय ते मोजावं, त्याला वहिवाट म्हणतात, आणि नकाशावर तसं मोठ्या अक्षरांत छापावं. मी हे तेव्हा सरांना लिहून दिलं होतं, ‘ही वहिवाटीची मोजणी आहे, हद्दीची नाही’, एवढीच ओळ. सर म्हणाले, “मग गिऱ्हाईक पैसे कशाला देईल?” दीड वर्ष हा वाद चालला. शेवटी मी काम सोडलं. त्यांचं अजूनही म्हणणं असतं की आपण मशीनने जे आलं ते दिलं. सर, तुम्ही इथे वाचता हे मला ठाऊक आहे. कच्च्या फाइलमध्ये त्या दगडाचा पॉइंट अजून असेल, ४७ नंबरचा. तुमच्या सरकवलेल्या रेघेपासून तो किती लांब आहे, एकदा मोजून बघा.

असो. तुम्ही काय करायचं, तर भूमी अभिलेखच्या तालुक्याच्या ऑफिसात जाऊन गटाचा नकाशा, टिपण आणि फाळणी, म्हणजे वाटणीची मोजणी, झाली असेल तर फाळणीचा नकाशा, यांच्या नकला मागा. गट पडलेलं, म्हणजे जुने सर्व्हे नंबर एकत्र करून गट केलेलं, गाव असेल तर तुमचा गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरांचा झाला ते आधी बघा, नाहीतर भलतंच टिपण हातात येईल. रस्ता, कॅनॉल, ओढा यांतलं काही कडेला आहे का, ते बघा. जुने फेरफार वाचा. एवढं करूनही क्षेत्र बसत नसेल तर हद्दकायमचा अर्ज. लगतच्या सगळ्यांना नोटिसा जातात, मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि बांधावरचं गवत आदल्या दिवशी काढून ठेवा. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर तिथे त्या मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा नकाशा, दाखवता येते, स्टेटसवरची रेघ नाही. पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. आणि रानात जुने दगड असतील तर हलवू नका, त्या खुणा सांभाळायची जबाबदारी खातेदाराचीच असते.

मी वकील नाही, भूमी अभिलेखचा माणूसही नाही, हे आधी सांगायला हवं होतं. सरकारी मोजणीही चुकते, मी चुकलेली पाहिली आहे. गावठाणात आणि शहरात सिटी सर्व्हेचा मामला वेगळा. कोकणातले हिस्से तर मला धड कळत नाहीत, तिथल्यांनी यावर विसंबू नये. आणि तुमच्या शेजाऱ्याने खरंच बांध कोरलाही असेल, मी काही तुमचं रान पाहिलेलं नाही. शिवाय सगळ्या फर्म आमच्यासारख्या नसतात. एक जण टिपण आणल्याशिवाय बांधावर पाय ठेवत नाही, मी आता त्याच्याकडे काम करतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं.

एक काम मात्र आजच करा. फर्मला फोन करून तो फोटो काढायला लावा. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, पण तोवर शेजाऱ्याच्या मुलाने स्क्रीनशॉट काढला असेल. काढला असेल तर त्याने घरी दाखवायच्या आधी तुम्हीच जा, आणि सांगा की चारातले सव्वादोन गुंठे आमच्या वजाबाकीतले होते.