जुन्या रेकॉर्डरमधील बंद पडलेली अ‍ॅप्स : फर्मवेअर बदलावे का?

प्रश्न : माझा २०११ सालचा, हार्ड डिस्क असलेला टीव्ही रेकॉर्डर रेकॉर्डिंगचे काम अजूनही चोख करतो, पण त्यातील व्हिडिओ अ‍ॅप्स एकेक करून बंद पडली आणि कंपनीने अपडेट देणे केव्हाच थांबवले. हौशी तंत्रज्ञांनी तयार केलेले सुधारित फर्मवेअर (यंत्र चालवणारा अंगभूत प्रोग्रॅम) घातल्यास ती पुन्हा चालतील का? आणि जुन्या रेकॉर्डिंगला काही धोका आहे का?

उत्तर : अ‍ॅप्स एकेक करून बंद पडली असे आपण लिहिता, त्यावरून सर्वांचे कारण एकच असेल असे वाटत नाही. फर्मवेअरने काही कारणे दूर होतात, काही मुळीच होत नाहीत. त्यामुळे आधी निदान, मग उपचार.

प्रथम रेकॉर्डरमधील तारीख पाहावी. वीज गेल्यानंतर काही यंत्रांचे घड्याळ थेट १ जानेवारी १९७० वर जाऊन बसते आणि त्या तारखेला आजचे कोणतेही सुरक्षा प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) ग्राह्य ठरत नाही. तारीख बरोबर असेल, तर संशय यंत्रात साठवलेल्या मूळ प्रमाणपत्रांवर घ्यावा. समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही, हे रेकॉर्डर त्यांच्याच आधारे ठरवतो आणि त्यांनाही मुदत असते : ‘अ‍ॅडट्रस्ट एक्स्टर्नल’ची मुदत ३० मे २०२० रोजी संपली, तर ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ची ३० सप्टेंबर २०२१ रोजी. अशा वेळी पडद्यावर बहुधा ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ एवढेच दिसते आणि बिचाऱ्या राउटरला विनाकारण दोष मिळतो.

सुधारित फर्मवेअरचा खरा उपयोग येथे होतो. असे बरेच रेकॉर्डर लिनक्सवर चालतात आणि प्रमाणपत्रांची यादी ही पुष्कळदा एक साधी मजकुराची फाइल असते; मात्र ती ज्या भागात असते, तो केवळ वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. म्हणून चांगले सुधारित फर्मवेअर नवी यादी हार्ड डिस्कवर ठेवते आणि यंत्र सुरू होताना जुन्या यादीच्या जागी ती पुढे करते. कंपनीचा मूळ प्रोग्रॅम जागचा हलत नाही, म्हणूनच संपूर्ण प्रणाली बदलणाऱ्या फर्मवेअरपेक्षा मला हा प्रकार अधिक भरवशाचा वाटतो.

टीएलएसचे, म्हणजे यंत्र आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीचे, दुखणे याहून चिवट आहे. बहुतेक सर्व्हर आता टीएलएस १.२ पेक्षा जुनी आवृत्ती स्वीकारत नाहीत, आणि ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (प्रोग्रॅमना हे काम करून देणाऱ्या तयार संचात) ती आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. म्हणजे आपला रेकॉर्डर तयार झाला त्यानंतर. लायब्ररी स्वतंत्र फाइलच्या रूपात असेल तर ती बदलून पाहता येते. ती अ‍ॅपमध्येच गुंफलेली असेल, तर अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यामध्ये नवे टीएलएस जाणणारा छोटा दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि तोही प्रत्येक अ‍ॅप चालू देतेच असे नाही.

सेवेनेच जुना दरवाजा बंद केला असेल, तर जुन्या अ‍ॅपपुरता इलाज खुंटतो. यूट्यूबने २०१५ मध्ये आपल्या एपीआयची (इतर प्रोग्रॅमना सेवेशी बोलू देणाऱ्या जोडणीची) दुसरी आवृत्ती बंद केली, तेव्हा तीवर विसंबलेली अ‍ॅप्स प्रमाणपत्रे कितीही ताजी असली तरी चालेनाशी झाली. शुल्क आकारणाऱ्या सेवांचे डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, तर यंत्राच्या चिपमधील गुप्त किल्ल्यांवर आणि कंपनीच्या मान्यतेवर अवलंबून असते. ते चुकवण्याच्या वाटा अनेक ठिकाणी बेकायदेशीर आहेत आणि त्या मी सुचवणार नाही. अशा अ‍ॅपसाठी एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक जोडावी आणि रेकॉर्डरला रेकॉर्डिंगच करू द्यावे.

आता आपल्या रेकॉर्डिंगविषयी. फर्मवेअर बहुधा यंत्रातील फ्लॅश मेमरीत जाते, हार्ड डिस्कवर फार तर वर सांगितलेली छोटी यादी, त्यामुळे ते घातल्याने रेकॉर्डिंग सहसा पुसले जात नाही. धोका दुसरीकडे आहे : अनेक रेकॉर्डर चित्रफिती त्या एकाच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद करतात, म्हणून यंत्र कायमचे बंद पडल्यास डिस्क काढून संगणकाला जोडली तरी त्या दिसत नाहीत. हव्या त्या चित्रफिती रेकॉर्डरच्याच मेनूतून, परवानगी असेल तेवढ्या, बाहेरच्या डिस्कवर आधी उतरवून घ्याव्यात. फर्मवेअरवरील मॉडेल क्रमांक यंत्रामागील पट्टीशी अक्षरन्‌अक्षर जुळवावा, कंपनीचे शेवटचे मूळ फर्मवेअर दुसऱ्या पेनड्राइव्हवर हाताशी ठेवावे, आणि काम चालू असताना, टक्केवारी कितीही वेळ एकाच आकड्यावर अडलेली दिसली तरी, वीजपुरवठा तोडू नये.