ठाण्याहून निघून सह्याद्रीत सलग सात दिवस चालायचं आहे; मार्ग कसा ठरवावा?

डिसेंबरातली सात दिवसांची रजा, तुम्ही तिघे मित्र, आतापर्यंत एका मुक्कामाचे ट्रेक, आणि हातात अकरा ठिकाणांची यादी, बहुतेक किल्लेच. हे सगळं एका मार्गात कसं बसवू, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत सांगतो: यादी बाजूला ठेवा. आधी सहा रात्रींचं पाणी ठरवा, मग मधूनच उतरावं लागलं तर कुठून उतराल ते ठरवा, आणि या दोन्हींत बसतील तेवढेच किल्ले घ्या.

हिमालयाचा पर्याय तुम्हीच शेवटी विचारलाय, त्याचं उत्तर थोडक्यात देतो. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रात्रीमागे साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. ठाण्याहून जाण्यायेण्याचे दिवस वजा केले, तर ते पाळायला सात दिवसांत जागा उरत नाही. दहा-बारा दिवसांची रजा मिळेल तेव्हा जा.

आपल्याकडे मार्ग आखायचा तर डोंगराची घडण समजून घ्यायला हवी. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. त्यामुळे उभा कडा, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कडा, अशी रचना सगळीकडे दिसते. पदरातून आडवं खूप लांब जाता येतं, पण खाली उतरायला जिथे ओढ्याने कडा फोडलाय तिथेच नाळ किंवा घाटवाट मिळते. नकाशावर कोकणातलं गाव तीन किलोमीटरवर दिसत असलं, तरी मध्ये कडा असेल तर ते गाव नसल्यातच जमा. म्हणून नकाशावर सगळ्यात आधी घाटवाटांवर खुणा करा.

नकाशे सर्वे ऑफ इंडियाचे वापरा, १:५०,००० प्रमाणाचे. एक गोष्ट मात्र कायम लक्षात असू द्या. त्यांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो, आणि नकाशावर नुसती चढण वाटणाऱ्या जागी प्रत्यक्षात दोर लागतो. मोबाइलवर कुणीतरी चालून टाकलेला ट्रॅक असला तरी तो कोणत्या महिन्यातला आहे आणि त्या माणसाच्या पाठीवर किती ओझं होतं, हे त्यात कळत नाही.

वेळेचा हिशोब मी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ सालच्या नियमाने करतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सॅक आणि आपलं ऊन धरून त्यात निम्मी भर घालायची. म्हणजे १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर नियमाने चार तास, आपल्यासाठी सहा. जेवण आणि वाट शोधणं धरलं की आठ. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा याहून मोठा दिवस आखू नका.

आता पाणी. पावसाळ्यानंतर ओढे वाहते असतात, पण महिन्यामहिन्याने एकेक आटत जातो, आणि फोटोतलं गडावरचं कातळात कोरलेलं भरलेलं टाकं कधीचं आहे कुणास ठाऊक. गावात विचारताना ‘वर पाणी आहे का’ असं विचारलं की ‘आहे की’ असंच उत्तर येतं, कारण पावसाळ्यात तिथे पाणी असतंच. त्याऐवजी ‘मामा, गुरं सध्या कुठं पाण्यावर नेता?’ असं विचारा. मग नेमकी जागा कळते, बहुतेक वेळा हाताने दिशाही. तरीही मुक्कामाहून निघताना माणशी तीन लिटर भरूनच निघा. ते तीन किलो होतात, म्हणून बाकीची सॅक दहा किलोच्या आत बसवायला हवी.

मी ऐरोलीला राहतो. आपल्या बाजूच्या माणसाला मी नेहमी रतनगड ते आहुपे ही घाटमाथ्याची ओळ सुचवतो. कारण सरळ आहे: या ओळीवरच्या बहुतेक घाटवाटा शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात उतरतात. कुणाचा पाय मुरगळला, तर खाली आलं की एसटी आणि लोकलने घरी. राजगड-तोरणा-रायगड ही वाटही सुंदर आहे, पण ती तीन-चार दिवसांत संपते.

पहिल्या दिवशी सकाळच्या लोकलने कसारा, तिथून घोटी, शेंडीमार्गे रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघा आणि गावातच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी रतनगडाकडे चढताना एके ठिकाणी वाट फुटते, एक शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. गड बघून पुन्हा इथेच यायचं आणि खिंडीतून कुमशेतला उतरायचं. मॅट सॅकला आडवी बांधलेली असेल तर शिडीच्या कठड्यात अडकते आणि ऐन शिडीवर माणूस मागे खेचला जातो, ती उभी बांधा. हा आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस आहे आणि या खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही. कात्राबाईसाठी रतनवाडीतला वाटाड्या घ्याच, त्याचे पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, संध्याकाळ कोकणकड्यावर. चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वर, आणि उरलेला अर्धा दिवस विश्रांती. ती कापू नका, पुढचे तीन दिवस त्यावरच निघतात. पाचव्या दिवशी खुबी फाट्यावरून एसटीने माळशेज उतरून नाणेघाटाच्या फाट्यावर उतरा आणि सातवाहनांच्या काळातल्या त्या वाटेने परत वर चढा. मुक्काम वरच्या घाटघर गावात करा. शिलालेखाच्या गुहेत झोपू नका आणि तिथे चूल तर अजिबात पेटवू नका. सहाव्या दिवशी ढाकोबाच्या बाजूने दुर्गवाडी-हातवीज. ढाकोबाचा माथा वेळ हाताशी असेल तरच. सातव्या दिवशी आहुपे, आणि आहुपे घाटाने खोपिवलीला उतरून मुरबाडमार्गे कल्याण.

तुमच्या यादीतले कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, जीवधन आणि भीमाशंकर यात नाहीत. अलंग-मदनला दोराचं सामान आणि ते वापरणारा जाणता माणूस लागतो. भीमाशंकरला आठवा दिवस हवा. कळसूबाई आणि जीवधन प्रत्येकी एका दिवसात स्वतंत्रपणे होतात.

रतनगड आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. मुक्कामाचे आणि आगीचे नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या. म्हणूनच मी जमेल तिथे मुक्काम गावात ठेवलेत. घरचं पिठलं-भाकरी मिळते आणि त्या घरालाही चार पैसे मिळतात.

निघायच्या आधीच्या रविवारी हीच भरलेली सॅक घेऊन तिघांनी आसनगावहून माहुली चढून या. बूट कुठे चावतो, पट्टा कुठे काचतो ते तिथे कळेल. आणि घरी एक कागद ठेवा: प्रत्येक रात्रीचं गाव आणि त्या दिवशी उतरायची जवळची घाटवाट. बेत बदलला तर पहिली रेंज मिळेल तिथून घरी कळवा, म्हणजे शोधायची वेळ आली तर कुठल्या तालुक्यातून सुरुवात करायची हे त्यांना माहीत असेल.