धूर दिसला म्हणजे आग आहे. मग आग दिसली म्हणजे धूर आहे, असं का म्हणता येत नाही?
न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, हे जुनंच उदाहरण. निष्कर्ष टिकतो व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ या नियमावर, आणि हा नियम इथे एकाच दिशेने चालतो. आगीशिवाय धूर होत नाही. पण लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा घ्या: आग आहे, धूर नाही. एवढ्या एका अपवादाने उलटा नियम कोसळतो. धुराला आगीबरोबर ओलं सरपणही लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ती सापडते नियम मोडणारं उदाहरण मुद्दाम हुडकल्यावर. बहुतेक जण जुळणारी दहा उदाहरणं गोळा करत बसतात! आणि हो, लांबून धुकंही धुरासारखं दिसतं. तिथे नियम बरोबर असतो, हेतूच, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढला तो धूरच, असिद्ध: तो तिथे नसतोच.