नव्या कोचचं ‘ये, बघू’ आणि सात महिन्यांचा गुडघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा १९ वर्षांचा, कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळलेला. नोव्हेंबरच्या मध्यात उजव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघा आतून स्थिर धरणाऱ्या बंधाचं) ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, घेऊन. आतल्या मेनिस्कसलाही, म्हणजे सांध्यातल्या कुर्चेच्या गादीलाही, टाके पडले. जर्मनीतल्या ओबरलीगामधल्या, म्हणजे पाचव्या पायरीवरच्या, एका क्लबच्या कोचने त्याला बोलावलं होतं. तो कोच आता गेला. नवा म्हणतो, “जूनमध्ये सरावाला ये, बघू.” २० जूनचं तिकीट काढायचं का, आणि नवा कोच त्याला ठेवेल का?

तिकीट काढू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न कोचबद्दल असला तरी अडचण कोचची नाही.

या पातळीवर ‘ये, बघू’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ओबरलीगामध्ये बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यात तीन-चार संध्याकाळी सराव करतात. नवा कोच आला की तो आधीच्या क्लबमधले आपले तीन-चार खेळाडू घेऊन येतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पूर्वतयारी सुरू होते: पाच-सहा आठवडे, मध्येच दिवसातून दोनदा सराव, आठवड्याला एक-दोन मैत्रीपूर्ण सामने. याच काळात तो कोणाला ठेवायचं ते ठरवतो. त्याने तुमच्या मुलाला कधी खेळताना पाहिलेलं नाही. जुन्या कोचच्या डोक्यात त्याचा जो खेळ होता तो कोचसोबतच गेला. म्हणजे जूनमध्ये नव्या माणसाला ऑपरेशनला सात महिने झालेला, अर्ध्या वेगाने पळणारा आणि टॅकलला कचरणारा मुलगा दिसणार. पहिलं मत तिथेच बनतं, आणि ते बदलायला पुढे वेळ मिळत नाही.

बार्सिलोनाचा मधल्या फळीतला खेळाडू गावी, त्याचं उदाहरण घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ला स्पेनकडून जॉर्जियाविरुद्ध खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याचं एसीएल गेलं, मेनिस्कसही दुखावला. मे २०२४मध्ये बार्सिलोनाने कोच झावीला काढून हान्सी फ्लिकला आणलं, तेव्हा गावीच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. नवा कोच, नवी पद्धत, मधल्या फळीत दाटी. तरी त्याला घाईने उतरवलं नाही. तो परतला २० ऑक्टोबर २०२४ला, सेव्हियाविरुद्ध, तेही शेवटच्या काही मिनिटांसाठी. म्हणजे दुखापतीपासून अकरा महिने. जानेवारी २०२५मध्ये क्लबने त्याचा करार २०३०पर्यंत वाढवला. आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्याच गुडघ्याच्या आतल्या मेनिस्कसचं पुन्हा ऑपरेशन झालं, पुढचे चार-पाच महिने बाहेर. जगातल्या सर्वात सुसज्ज क्लबांपैकी एकात, रोज फिजिओ हाताशी असताना हे होतं. तुमच्या मुलालाही मेनिस्कसचे टाके आहेत हे विसरू नका.

गावीकडे जे होतं आणि तुमच्या मुलाकडे नाही ते म्हणजे करार. करार क्लबशी असतो, कोचशी नाही. कोच बदलला म्हणून तो संपत नाही, पगार थांबत नाही, उपचार थांबत नाहीत. जुन्या कोचचं बोलावणं हा करार नव्हता, आणि नव्याचं ‘बघू’ हाही नाही.

आता गुडघा. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धात्मक खेळात परत जाऊ नये, हा आकडा हवेतला नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यात चारातल्या जवळपास एकाचं एसीएल पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या. तुमच्या मुलाचे नऊ महिने ऑगस्टच्या मध्यात भरतात. पण नऊ महिने ही किमान अट आहे, परवाना नव्हे. परवाना चाचण्या देतात.

चाचण्यांत पहिली मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, आयसोकायनेटिक (ठरावीक वेगाने पाय हलवून जोर मोजणाऱ्या) यंत्रावर, सेकंदाला ६० अंश वेगाने. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या क्रीडावैद्यक केंद्रांत हे यंत्र मिळतं. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के हवा. पण इथे एक गोम आहे: सात महिने बसून चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे ९० टक्के सहज दिसतात आणि घरचे पेढे वाटतात. म्हणून वजनाशी ताडून बघा. किलोमागे साधारण ३ न्यूटन मीटर हे लक्ष्य धरा. मुलगा ७० किलोचा असेल तर २१० आलं पाहिजे. मागच्या स्नायूची ताकद वेगळी मोजून घ्या, कारण कंडरा तिथूनच काढलीय, आणि जर्मन पूर्वतयारीत पहिल्या दहा दिवसांत पूर्ण वेगाच्या धावा लावतात तेव्हा आधी तोच स्नायू ताणतो.

दुसरी चाचणी एका पायावरच्या उड्यांची: एक उडी, सलग तीन, रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या, आणि ६ मीटरची वेळ लावून. यात अंतर फसवतं. कंबर आणि घोटा जास्त काम करून गुडघ्याची कमी झाकतात, मुलगा ९५ टक्के लांब उडतो आणि गुडघा मात्र वाकतच नाही. मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रीकरण करा, उतरताना गुडघा आत पडतोय का आणि किती वाकतोय ते फिजिओला दाखवा. भीती मोजायचीही प्रश्नावली आहे, एसीएल-आरएसआय नावाची. ती हसण्यावारी नेऊ नका. टॅकलला घाबरणारा मुलगा उलट जास्त वेळा दुखावतो.

चाचण्या पार झाल्यावर संघाबरोबर पूर्ण सराव किमान चार-पाच आठवडे, मग सामन्यात २० मिनिटं, मग अर्धा, मग ६० मिनिटं. हा भाग कोल्हापुरातच करा. घरचं जेवण, ओळखीचा फिजिओ, ओळखीचं मैदान. जर्मनीत हिवाळ्यात या पातळीचा बराच सराव कृत्रिम गवतावर चालतो. लांब खिळ्यांचा बूट तिथे रुततो, पाय वळतो आणि बूट वळत नाही. कृत्रिम गवताचे आखूड, जास्त खिळ्यांचे बूट वेगळे घ्यावे लागतात.

आता कागद. ओबरलीगाचा क्लब पगार देईल असं तुम्ही लिहिलंय, ६०० युरो. व्यावसायिक खेळाडू म्हणून जर्मन व्हिसा मिळायचा तर वय १६ पूर्ण हवं, संबंधित महासंघाने खेळाची पात्रता प्रमाणित करायला हवी, आणि दरमहा ढोबळ पगार हा, पेन्शन विम्याची वर्गणी ज्या पगारापर्यंत कापतात त्या मर्यादेच्या किमान निम्मा हवा. २०२५ साली ही निम्मी रक्कम ४,०२५ युरो होती, आणि ही मर्यादा वेतनवाढीनुसार दर जानेवारीत बदलते. ६०० युरोत हा दरवाजा उघडत नाही. क्लबने कितीही गोड पत्र दिलं तरी वकिलातीत फाइल तिथेच अडते. कित्येकदा क्लबलाच हे माहीत नसतं, कारण त्यांचे बाकीचे परदेशी खेळाडू युरोपीय संघातले असतात आणि त्यांना व्हिसाच लागत नाही.

मग राहिला चाचणी-सरावासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपचा अल्पमुदतीचा व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस. यात दोन गोष्टी वाईट आहेत. एक, क्लबने घ्यायचं ठरवलं तरी साधारणपणे परत येऊन मुंबईतून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसाची फाइल नव्याने करावी लागते. दोन, शेंगेनसाठीचा ३०,००० युरोंचा प्रवास विमा तातडीच्या उपचारांसाठी असतो. आधीच्या दुखण्यावरचं ऑपरेशन त्यात सहसा बसत नाही. करार नाही म्हणजे पगार नाही आणि कामावरचा अपघात विमाही नाही. सातव्या महिन्यात पूर्वतयारीच्या मैदानावर गुडघा गेला, तर बिल तुमच्या खिशातून.

खरा चालणारा मार्ग असा की मुलगा शिकायला किंवा व्यावसायिक प्रशिक्षणाला जातो आणि संध्याकाळी क्लबमध्ये हौशी म्हणून खेळतो. प्रशिक्षणाला, तिथे आउसबिल्डुंग म्हणतात त्याला, जर्मन भाषेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी आणि कंपनीची जागा लागते. दरमहा भत्ता मिळतो. विद्यापीठाला सहसा ब्लॉक खातं (आधी पैसे भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं) लागतं, सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो. २७ वर्षांखालच्यांसाठी क्रीडा क्षेत्रातलं स्वयंसेवी वर्षही असतं, राहायचं-खायचं निघतं, आणि क्लबमध्येच लहान मुलांना शिकवायचं काम असतं. बऱ्या होणाऱ्या गुडघ्याला ते फार बरं.

विम्यात इथे एक खड्डा आहे, आणि त्यात भरपूर भारतीय मुलं पडतात. विद्यापीठात प्रवेश घेताना एजंट स्वस्त खासगी ‘इनकमिंग’ विमा गळ्यात घालतो. त्यात आधीपासूनचं दुखणं वगळलेलं असतं, म्हणजे नेमका तुमचा गुडघा. सरकारी आरोग्य विम्यात जुन्या दुखण्याची अट नसते. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण दीडशे युरो पडतात. आणि एकदा सरकारी विम्यातून सूट मागितली की ती त्या शिक्षणाच्या काळात परत फिरवता येत नाही. फक्त भाषा-वर्गासाठी जाणाऱ्याला विद्यार्थ्यांचा सरकारी विमा मिळत नाही, म्हणून भाषा शक्यतो इथेच पुरी करा.

सरकारी विम्यावर फिजिओ मिळतो तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर: एका चिठ्ठीला सहसा सहा बैठका, प्रत्येकी वीसेक मिनिटं, खर्चाच्या १० टक्के आणि चिठ्ठीमागे १० युरो तुमचे. चिठ्ठी मिळाल्यापासून २८ दिवसांत सुरू करावी लागते, आणि शहरात फिजिओची वेळ मिळायलाच तेवढे दिवस जातात. फुटबॉलपटूला हे अपुरं आहे. जिमचा खर्च वेगळा धरा.

पुढे कधी पगारी करार झालाच, तर त्यात काय बघायचं? मुदत कुठल्या तारखेपर्यंत, हंगाम ३० जूनला संपतो. संघ खालच्या लीगमध्ये घसरला तर करार आपोआप संपतो असं कलम असतं का. या पायरीवर ते सर्रास असतं आणि मुलाला मध्येच रस्त्यावर आणतं. फिफाच्या नियमाप्रमाणे कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर किंवा व्हिसावर अवलंबून ठेवता येत नाही, म्हणून शहाणा क्लब तपासणी सहीच्या आधी करतो. तुम्हालाही ते सोयीचंच आहे. पगारी खेळाडू दुखावला तर नोकरीला चार आठवडे झालेले असल्यास सहा आठवडे पगार क्लब देतो. कामावरच्या अपघात विम्यात तो बसत असेल तर उपचार आणि पुढचा भत्ता तिथून येतो. त्यासाठी दुखापत झाल्यावर साध्या डॉक्टरकडे न जाता ‘डुर्खगांग्सआर्झ्ट’कडे, म्हणजे अपघात विम्याच्या मान्य डॉक्टरकडे जायचं असतं. हा शब्द मुलाच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

दुखापत लपवायची नाही. गुडघ्यावरच्या खुणा तशाही दिसतात, आणि विचारल्यावर खोटं सांगितलं तर करारच रद्द होऊ शकतो. उलट ऑपरेशनची पूर्ण नोंद रुग्णालयातून मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एसीएल रिकन्स्ट्रक्शन’ असतं. क्लबच्या डॉक्टरला कंडरा कुठून घेतली, तिची जाडी किती मिलिमीटर, कशाने बसवली, मेनिस्कसला किती टाके आणि कुठल्या भागात, हे सगळं हवं असतं. स्क्रू धातूचा असेल तर एमआरआयमध्ये त्याच्या आजूबाजूचं चित्र बिघडतं, म्हणून तेही लिहिलेलं हवं.

नव्या कोचला आता काय कळवायचं? एक पानाचं जर्मन पत्र, कोचला आणि क्लबच्या क्रीडा प्रमुखाला दोघांनाही, कारण कोच पुन्हा बदलला तर क्रीडा प्रमुख बहुधा तोच राहतो. ऑपरेशनची तारीख, पूर्ण सराव कधीपासून ते महिन्यासकट, चाचण्यांचे आकडे यायचे तेव्हा पाठवू हे. सोबत दुखापतीआधीचे दोन पूर्ण सामने, ९० मिनिटांचे. गोल आणि ड्रिबलिंग जोडलेले तीन मिनिटांचे तुकडे कोच बघतो आणि विसरतो. चेंडू जवळ नसताना मुलगा कुठे उभा असतो हे त्याला पूर्ण सामन्यात दिसतं. नवा कोच कुठल्या रचनेत खेळवतो ते क्लबच्या सामन्यांतून बघा आणि तुमचा मुलगा त्यात कुठे बसतो ते एका ओळीत लिहा. “कुठेही खेळेन” असं लिहू नका, त्याचा अर्थ तिथे ‘कुठलीच जागा नाही’ असा घेतात.

तारखा मग अशा बसतात: ऑगस्टअखेर पहिली पूर्ण चाचणी, सप्टेंबर-ऑक्टोबर सराव, त्यानंतर कोल्हापूरचा हंगाम सुरू होईल तेव्हा मिनिटं मोजून सामने. हौशी खेळाडूंना जर्मनीत क्लब बदलायच्या दोन खिडक्या असतात, १ जुलै ते ३१ ऑगस्ट आणि १ ते ३१ जानेवारी. परदेशातून येणाऱ्याला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं; जर्मन महासंघ ते एआयएफएफकडे, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे, मागतो आणि ते येईपर्यंत अधिकृत सामना खेळता येत नाही. त्यासाठी एआयएफएफच्या सीआरएस, म्हणजे खेळाडूंच्या केंद्रीय, नोंदणीतलं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळलेली हवी. वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी, एवढ्यावरून आठवडे जातात. हे आजच तपासा, गुडघ्याची वाट बघायची गरज नाही.

जानेवारी जमली नाही तर पुढचा जुलै. तोवर बी-१ होतं, आणि प्रवेशाची फाइलही. मध्ये कोणी एजंट चाचणी-सरावाचं ‘शुल्क’ मागत आला, तर त्याचा फिफा परवाना क्रमांक मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावर तपासा. बहुतेक जण क्रमांक विचारल्यावर पुन्हा फोन करत नाहीत.