नाताळचा तारा कलतो का?

प्रश्न : नाताळसाठी बांबूच्या कामट्यांचा तारा घरी केला. तो एका बाजूला कलला आणि कागद सुरकुतला. काय चुकलं?
(एक वाचक, वसई)

उत्तर : कलण्याचं मूळ बहुधा मापात असतं. ६० सेंमीच्या १० कामट्या घ्या; पाचांची एक चांदणी, अशा दोन करा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा. कामट्या या खुणांवरच एकमेकींना छेदल्या पाहिजेत, तरच पाचही टोकं सारखी येतात. छेद दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्ही चांदण्यांची टोकं जुळवून बांधली की आतल्या पाच छेदांमध्ये १२ सेंमीचे आधार अडकवा. एक जरी आखूड राहिला तरी ताऱ्याचं पोट वाकडं होतं, म्हणून पाचही एकत्र धरून कापा.

सुरकुत्या पातळ खळीने पडतात. मैद्याची खळ दाट शिजवा आणि कागदाला नव्हे, कामटीला लावा. पतंगाचा कागद एकेक त्रिकोण करून चिकटवा. सगळा तारा एकाच कागदात गुंडाळायला जाऊ नका.

मागचा पंचकोन उघडाच ठेवा. आत ५ वॉटचा एलईडी दिवा, कागदाला न टेकणारा. जुना तापणारा बल्ब अजिबात नको. अंगणात दव पडत असेल तर पतंगाच्या कागदाऐवजी जिलेटीन वापरा, मात्र ते खळीने धरत नाही. पारदर्शक चिकटपट्टी लागेल.